होडी घेतली, पण बांधायची कुठे?

मुलगी द्यायची तर आपण घराणं बघतो, घर घ्यायचं तर शेजार बघतो, साधी म्हैस आणायची तरी आधी गोठा सारवून घेतो. पण होडी घ्यायची ठरली की घरातले पुरुष फक्त इंजिन बघतात! ती आठवड्याचे सहा दिवस राहणार कुठे, हा प्रश्न शेवटी आपल्याच पदरात पडतो.

आमच्याकडेही तसंच झालं. आमचे हे आणि पुण्याचे धाकटे दीर, दोघांनी मिळून अठरा फुटी सेकंडहँड फायबरची होडी घ्यायची ठरवली. शनिवार-रविवारी मुलांना घेऊन खाडीत फिरायचं, गळ टाकायचा, डबा खायचा, संध्याकाळी घरी. बेत छानच होता. आम्ही राहतो कणकवलीला, म्हणजे समुद्र तास-दीड तासावर. होडी दारात ठेवायची सोय नाही. मग दिरांनी विचारलं, ‘‘वहिनी, तुमची बचत गटांच्या निमित्ताने किनाऱ्यावर सगळीकडे ओळख आहे. जागा तुम्हीच बघा ना!’’ म्हटलं, बघते. पण मग मी सांगेन ती जागा. दोघंही हसले, पण कबूल झाले.

परदेशात यासाठी ‘मरीना’ असते. मरीना म्हणजे होड्यांचं राहतं बंदर म्हणा. लाटा अडवणारा बांध, पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के, वीज, पिण्याचं पाणी, राखणदार असं सगळं एका जागी. आपल्या देशात कोचीला बोळगट्टी बेटावर अशी मरीना आहे. मुंबईत मात्र गेटवेसमोर लाखमोलाच्या बोटीसुद्धा पाण्यात नांगरून ठेवलेल्या दिसतात. मग आमच्या सिंधुदुर्गात मरीना कुठून असणार? इथे आहेत खाड्या, मच्छीमार बंदरं आणि जेट्या. त्यातूनच आपल्या होडीचं माहेर शोधायचं.

दिरांच्या मनात तारकर्ली-देवबाग भरलं होतं. कर्ली नदीचं शांत पाणी, दोन्ही काठांना माड, पलीकडे समुद्र. पाहुणे आले की दाखवायलाही छान. मलाही ती जागा फार आवडते. पण आमच्या ओळखीच्या एक मासेविक्रेत्या काकी आहेत, त्यांना विचारलं तेव्हा त्या एकच वाक्य बोलल्या. ‘‘बाय, पाणी बघूक येतलंस तर सुकतीक ये. भरतीक खयचाय बंदर बरा दिसता.’’

भरतीला कुठलंही बंदर चांगलंच दिसतं! लग्नाच्या मांडवात प्रत्येक घर जसं चांगलं दिसतं, तसंच. खरं काय ते ओहोटीला कळतं. या काकींचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडावर होडी उलटून गेले. समुद्रात नाही, वादळात नाही. घराचा दिवा दिसत असताना. म्हणून त्यांचा शब्द मी हलका घेतला नाही.

आपल्या कोकणातल्या अनेक नद्यांच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो. आतलं पाणी शांत, बाहेरचा समुद्र शांत, पण मधल्या त्या उथळ पट्ट्यावर ओहोटीच्या वेळी लाटा फुटतात. नदीचं पाणी बाहेर धावत असतं आणि समुद्राची लाट आत येत असते. दोघांची टक्कर नेमकी तिथेच होते. शिवाय ही वाळू पावसाळ्यागणिक जागा बदलते. वर्षानुवर्षं तिथेच वावरणाऱ्याला तिची चाल कळते. पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या हौशी माणसाला कशी कळणार? तारकर्लीजवळ मे २०२२ मध्ये स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळच उलटली आणि दोघांचा जीव गेला. किनारा जवळ दिसला म्हणजे धोका संपला असं नसतं.

दुसरी गोष्ट रविवारची. कोळी बांधव भरती बघून निघतात, मग ती पहाटे तीनला असो की दुपारी. आपण हौशी माणसं घड्याळाला बांधलेली. रविवारी सकाळी नाश्ता करून निघणार आणि दिवेलागणीच्या आत परतणार. मग जागा अशी हवी की ओहोटीलाही होडीखाली पाणी राहील.

इथे मैत्रिणींनो, आपलं भिंतीवरचं कॅलेंडर कामाला येतं. जुन्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. संकष्टीचा उपवास करणाऱ्या बाईला एवढं गणित सहज जमतं! अर्थात हा अंदाज झाला. समुद्रात जायचं तर त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायलाच हवं.

आता हा हिशेब रविवारला लावून बघा. अष्टमीचा रविवार असला तर भर दुपारी बाराला ओहोटी. ज्या खाडीत ओहोटीला नुसता चिखल उरतो, तिथे मुलं डबा घेऊन काठावर आणि होडी गाळात! पौर्णिमेच्या रविवारी सकाळी पाणी भरपूर, पण संध्याकाळी पाचला तळ उघडा. त्यातून पौर्णिमा-अमावास्येचं ते उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि तेवढंच जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, चढउतार कमी. तेव्हा जागा बघायला जायचं ते उधाणाच्या दिवशी आणि पूर्ण ओहोटीला. त्या वेळी जिथे होडी तरंगते, तिथे वर्षभर तरंगेल. आम्ही एक काठी घेऊन गेलो होतो, फुटांच्या खुणा केलेली. इंजिनासकट आमच्या होडीला अडीच फूट पाणी लागतं, म्हणून मी चार फुटांची अट घातली.

मालवणही पाहिलं. समोर सिंधुदुर्ग किल्ला, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण तिथल्या पाण्याखाली खडकच खडक. महाराजांनी कुरटे बेट निवडलं ते याचसाठी, परक्या गलबतांना सहज जवळ येता येऊ नये म्हणून. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे शत्रूला अवघड होतं, ते आज आमच्यासारख्या नवशिक्यांनाही अवघडच. त्यातून तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. हौसेखातर नांगर कुठेही टाकावा अशी ती जागा नव्हे.

मग देवगड. आत वळलेलं, तिन्ही बाजूंनी झाकलेलं सुंदर बंदर. पण तिथे मच्छीमारांच्या नौकांची इतकी दाटी की आमची होडी म्हणजे एस.टी. स्टँडवर लावलेली सायकल! आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिथल्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौकाही बुडाल्या होत्या. चांगलं बंदर मिळालं म्हणून दोर, नांगर आणि राखणदार यांत कसूर चालत नाही, एवढं त्यातून शिकावं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मच्छीमारांची जेटी ही त्यांच्या पोटाची जागा आहे. पहाटे नौका लागतात, पाट्या उतरतात, लिलाव होतो, बायका बर्फ फोडतात. तिथे आपली फिरायची होडी मध्येच बांधून ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीपुढे खाट टाकण्यासारखं आहे. सरकारी परवानगी असली तरी तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय जागा पक्की करू नये. विचारलं की माणसं अडवत नाहीत. उलट वारा सुटला तर आपल्या होडीला जादा दोर तेच बांधतात.

शेवटी विजयदुर्ग. घरापासून सगळ्यांत लांब, म्हणून दिरांचं तोंड थोडं उतरलं. पण वाघोटण खाडीचं ते तोंड बघा! नैर्ऋत्येच्या वाऱ्याला किल्ल्याचं टोक पाठ देऊन उभं. तोंडाशी वाळूचा बांध नाही, पाणी खोल. पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांपैकी हे एक, आणि पावसाळ्यातही इथे आसरा मिळतो, असं इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही नोंदवलेलं आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं हे ठाणं. खाडीत थोडं आत गेलं की खडकात खोदलेली जुनी गोदी आजही दिसते. तिथे आरमाराची जहाजं डागडुजीला येत. म्हणजे होडीला घर कसं हवं याचा विचार आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी करून झालेला आहे. आपण फक्त तो विसरलो.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. माझी स्वतःची एक यादी होती, पुरुषांच्या यादीत कधी न येणारी. ओहोटीला जेटीच्या पायऱ्या किती खाली जातात? त्यांवर शेवाळ आहे का? साडीतली बाई, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, कडेवरचं मूल यांना होडीत उतरता येईल का? जवळपास बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? पिण्याचं पाणी? संध्याकाळी परतायला उशीर झाला तर दिवा? मोबाईलला रेंज? दवाखाना किती लांब? आणि आपण परत आलो नाही, हे कुणाच्या लक्षात येईल? या शेवटच्या प्रश्नावर हे आणि दीर दोघंही गप्प झाले.

खाडीच्या आत एका गावात बचत गटातल्या एका ताईंच्या घरामागे उतार आहे. तिथे खाली उधाणाच्या ओहोटीलाही पाच फूट पाणी मिळालं. त्यांचे सासरे आयुष्यभर समुद्रावर गेलेले. त्यांनी होडी राखायचं कबूल केलं, दरमहा ठरावीक रकमेवर. निघताना त्यांना सांगायचं, कुठे जाणार आणि किती वाजता येणार. आल्यावर पुन्हा सांगायचं. एवढा एक नियम पाळला तरी अर्धी काळजी मिटते. पावसाळ्यात होडी पाण्यात ठेवायची नाही. मे अखेरीला उतारावरून वर ओढायची, इंजिन काढून घरी न्यायचं आणि होडी शाकारून ठेवायची. मच्छीमारांनाही १ जून ते ३१ जुलै बंदी असतेच. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर, समुद्राचा राग उतरल्याची खात्री करून मगच होडी खाली.

कागदपत्रांचं कामही मी मागे लागून करून घेतलं. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन नोंदणीची आणि होडी ठेवायच्या जागेची चौकशी केली, विमा उतरवला. प्रत्येक माणसागणिक एक लाइफ जॅकेट, आणि मुलांची मुलांच्या मापाची. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून येतं. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून घेतला. ‘‘वहिनी, एवढं सगळं कशाला?’’ असं दीर म्हणाले खरे. पण त्यांच्याच मुलीला जॅकेट घालताना पट्टे दोनदा ओढून बघणारेही तेच होते.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे होडी आहे? बरोबर आहे. पण सुट्टीत आपण सगळ्याच कधी ना कधी होडीत बसतो. आता तर किनाऱ्यावरच्या कितीतरी बायका घरगुती निवास चालवतात आणि पाहुण्यांना फिरवायला होडी ठेवतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात. तेव्हा होडी हा काही फक्त पुरुषांचा विषय राहिलेला नाही. होडी कुठे बांधतात, ओहोटीला तिथे काय दिसतं, जॅकेट किती आहेत आणि परतायची वेळ कुणाला ठाऊक आहे, हे चार प्रश्न विचारायला होडीचं मालक असावं लागत नाही. उत्तर देताना होडीवाला हसला तर हसू द्यावं, पण उत्तर मिळाल्याशिवाय पाय उचलू नये.

आमची होडी विजयदुर्गच्या खाडीत छान रुळली आहे. लांब पडतं म्हणून महिन्यातून दोनच रविवार जमतात, पण ते दोन निर्धास्त असतात. पुढच्या अमावास्येला सासूबाईंनाही न्यायचं ठरलं आहे. सकाळी सव्वाअकराची भरती, सगळ्यांत वरच्या पायरीवरून होडीत पाय टाकता येईल. हा हिशेब मी नाही, त्यांनीच कॅलेंडर बघून मांडला!