कादंबरी लिहायला कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

चाळीस प्रकरणं, वीस पात्रं आणि फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'नक्की फायनल' अशा फाइल्स. कादंबरी लिहिताना तुमचंही असंच होतं का? मग हे पर्याय बघा.

वर्ड: प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करू नका, त्याला 'हेडिंग' स्टाइल द्या. मग नेव्हिगेशन पेनमध्ये सगळी प्रकरणं दिसतात आणि ओढून त्यांचा क्रम बदलता येतो. पैसे खर्च करायचे नसतील तर लिबरऑफिस रायटर मोफत आहे.

गूगल डॉक्स: हेही मोफत आणि मोबाइलवरही चालतं. चुकून खोडलेलं प्रकरण 'व्हर्जन हिस्टरी'तून परत मिळवता येतं. मात्र फाइल खूप मोठी झाली की ते संथ होतं.

स्क्रिव्हनर: हे खास लेखकांसाठी २००७ मध्ये आधी मॅकवर आलं. प्रत्येक प्रसंग स्वतंत्र ठेवून कार्डांसारखा मागेपुढे हलवता येतो. पैसे एकदाच भरायचे. त्याआधी ३० दिवस मोफत वापरता येतं आणि त्यात फक्त प्रत्यक्ष वापरलेले दिवस मोजले जातात.

मराठीत लिहिताना काय सांभाळायचं? युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. वर्षभराची मेहनत प्रकाशकाला वाचताच येणार नाही!

म्हणून आधी दोनच प्रकरणं लिहा, फाइल डॉकएक्समध्ये सेव्ह करून दुसऱ्या संगणकावर उघडा. जोडाक्षरं नीट दिसली, तर पुढे लिहा.