डोंगरी सायकलच्या टायरची पन्नास वर्षे

१९७६ सालच्या ऑक्टोबरच्या एकविसाव्या तारखेस, कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या रानात वणव्याच्या बंदोबस्तासाठी काढलेल्या एका कच्च्या रस्त्याच्या माथ्यावर काही तरुणांनी आपापल्या जुनाट सायकली नेल्या, आणि घड्याळ लावून एकामागून एक खाली सोडल्या. पुढे ज्या वाहनास जगभर माउंटन बाइक असे नाव मिळाले, त्याच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः या दिवसापासून धरण्याचा शिरस्ता आहे. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतरणाऱ्या त्या वाटेस ‘रीपॅक’ म्हणू लागले, कारण मागच्या हबमधला ब्रेक उतरणीत इतका तापे की आतले वंगण धूर होऊन जाई आणि हब उघडून ते नव्याने भरावे लागे. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ आणि टॉम रिची ही या मंडळींतील सर्वश्रुत नावे. त्यांच्या फ्रेमचे, ब्रेकचे आणि गिअरचे वर्णन पुष्कळ झालेले आहे. टायरच्या वाट्यास मात्र त्या मानाने थोडीच जागा आली. वास्तविक या साऱ्या उद्योगाचे मूळ टायरातच होते, आणि म्हणून गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा मी त्याच्याच अनुषंगाने घेत आहे.

या तरुणांनी हातातल्या हलक्या शर्यतीच्या सायकली बाजूला ठेवून भंगारातल्या वजनदार सायकली उचलल्या, त्याचे एक कारण त्यांच्या फ्रेमचा दणकटपणा हे होते आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे, त्यांचे जाड टायर. १९३३ साली, अमेरिकेत मंदीचा अंमल चालू असता, शिकागोच्या श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींसाठी २६ इंच व्यासाचा आणि २.१२५ इंच रुंदीचा ‘बलून’ टायर बाजारात आणला होता. आपल्याकडील काळ्या दणकट सायकलीने विलायती वळणाचे २८ इंची चाक आणि दीड इंची टायर पिढ्यान्‌पिढ्या जपले. अमेरिकेतील मुलांना मात्र हवेची ही रुंद गादी लाभली. डोंगराचा विचारही तिच्या निर्मात्यांच्या मनात नव्हता. तरीही तिच्या योगे जे २६ इंची चाक रूढ झाले, तेच पुढील तीन दशके जगातील बहुतेक डोंगरी सायकलींचे चाक होऊन बसले. कोणी मोजमाप करून, प्रयोग करून ते ठरवले नव्हते. भंगारात मुबलक सापडत होते, एवढाच त्याचा आधार होता.

१९७७ साली जो ब्रीझने केवळ डोंगरासाठी म्हणून जी पहिली फ्रेम घडवली, तिलाही युनिरॉयल कंपनीचे जाड, ठोकळेदार टायर लावलेले होते. त्यानंतर ॲल्युमिनियमच्या रिमा आल्या आणि पोलादी रिमांचे ओझे चाकावरून उतरले. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात संख्येने निघालेली डोंगरी सायकल बाजारात आली. या कंपनीने स्वतःच्या नावाने काढलेली पहिली वस्तू १९७६ सालचा एक टायरच होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत सर्व प्रकारच्या वाटांवर चालेल अशा एका टायरचा जो शोध चालला, तो जवळजवळ संपूर्णपणे नक्षीचा शोध होता. ठोकळे किती उंच असावेत, त्यांच्यात अंतर किती असावे, त्यांचे तोंड कोणत्या दिशेस असावे, यांवर कारखानदारांनी अपार बुद्धी खर्च केली. तो शोध व्यर्थ होता असे मी म्हणणार नाही. चिखलात उंच आणि विरळ ठोकळे लागतात, म्हणजे माती त्यांच्यात साठून न राहता झडून जाते, आणि घट्ट जमिनीवर बुटके व दाट ठोकळे बरे पडतात, हे ज्ञान त्यातूनच पक्के झाले. परंतु त्याच काळात टायर अरुंद होत गेला. १९९० साली कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळास प्रवेश मिळाला, आणि शर्यतीच्या प्रभावाने सामान्य ग्राहकाचीही दृष्टी ग्रॅमवर खिळली. दोन इंचांच्या आतबाहेरचा टायर, आतून वीस मिलिमीटरही न भरणारी रिम आणि चाळीस पौंडांच्या आसपास हवा, अशी त्या दशकातील चाकाची सर्वसाधारण कुंडली होती. हवा कमी करण्याची मुभा नव्हती, कारण ती कमी केली की दगडाच्या आघाताने ट्यूब रिमखाली चेंगरे आणि तिला जोडीने दोन छिद्रे पडत. तेव्हा टणक फुगवलेले चाक प्रत्येक खड्यावरून उसळत जाई, उसळलेल्या चाकाची जमिनीवर पकड नसे, आणि ही उणीव ग्राहक नव्या नक्षीचा टायर घेऊन भरून काढू पाही.

या कालखंडातील एका कल्पनेचा गौरव मात्र मोकळ्या मनाने करावयास हवा. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी जपानच्या पॅनारेसर कंपनीचे ‘डार्ट’ आणि ‘स्मोक’ हे दोन टायर जोडीने खपू लागले. पहिला पुढच्या चाकासाठी, दुसरा मागच्या. दोन्ही चाकांना एकच टायर घालण्याच्या रूढीस यामुळे प्रथमच मोठा छेद गेला. पुढच्या चाकास वळावयाचे असते आणि उतरणीत ब्रेकचा बहुतांश भार सोसावयाचा असतो. मागच्यास स्वाराच्या वजनाचा मोठा वाटा वाहून, पायांचा जोर जमिनीस पोहोचवावयाचा असतो. पुढचे चाक घसरले तर स्वार बहुधा पडतो, मागचे घसरले तर बहुधा सावरतो. ही तफावत एकदा मान्य केली, म्हणजे सर्व वाटांसाठी एक टायर शोधण्याऐवजी एक जोडी शोधावयाची असते, हे ओघानेच आले. त्या दोन टायरांची नक्षी आज कोणास फारशी आठवत नसेल; पुढे पकड आणि मागे सुलभ गती ही त्यांनी रुजवलेली तजवीज मात्र आजही प्रत्येक जाणत्या स्वाराच्या सायकलीत दिसते.

खरे स्थित्यंतर १९९९ साली आले, आणि ते नक्षीच्या मार्गाने आले नाही. माव्हिक, मिशेलिन आणि हचिन्सन या तीन फ्रेंच कंपन्यांनी मिळून ट्यूबविना चालणाऱ्या चाकाची यूएसटी ही पद्धत प्रसृत केली. रिमच्या आतल्या तळाला आऱ्यांची छिद्रे नाहीत, टायरच्या कडेस रिममध्ये घट्ट बसेल असे वळण, आणि आतून हवाबंद रबराचा थर, अशी ती रचना होती. ती भक्कम होती आणि जडही होती. दोन वर्षांनी अमेरिकेत स्टॅन कोझिआटेक या गृहस्थाने सामान्य रिमच्या छिद्रांवर पट्टी चिकटवून आणि टायरात पातळ लॅटेक्सचे द्रव ओतून तेच कार्य साधण्याची हिकमत विकावयास काढली, आणि काळाच्या ओघात पट्टी व द्रव यांचीच सर्वत्र सरशी झाली. या द्रवाचे एक मोठे उपकारकृत्य काट्यांच्या बाबतीत आहे. आपल्या माळरानावर पायात मोडणारा सराटा कॅलिफोर्नियासह अमेरिकेच्या पश्चिम भागातही जाऊन फोफावला आहे आणि तेथील सायकलस्वारांचा तो जुना वैरी आहे. द्रव भरलेल्या टायरात त्याचा काटा शिरला तर छिद्र आपोआप बुजते आणि स्वारास उतरावेही लागत नाही.

परंतु काट्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट दाबाची होती. चेंगरण्यास ट्यूबच नाही म्हटल्यावर चाळीसवरून तीस, आणि पुढे रिमा आतून तीस मिलिमीटरपर्यंत रुंद झाल्यावर पंचवीस-वीस पौंडांपर्यंत उतरणे सुरक्षित झाले. कमी दाबाचा टायर खड्यावर चढत नाही. तो खडा आपल्यात सामावून घेतो. सायकल आणि स्वार यांना प्रत्येक खड्यागणिक वर उचलण्यात जी शक्ती वाया जात होती ती वाचली, आणि खडबडीत वाटेवर रुंद, मऊ फुगवलेला टायर अरुंद, टणक टायरापेक्षा कित्येकदा सुलभ धावतो ही अनेकांना विपरीत वाटणारी गोष्ट अनुभवास आली. सर्व वाटांचा टायर या नावास पात्र अशी वस्तू माझ्या मते येथे जन्मास आली. नक्षीने पंधरा-वीस वर्षे जे साधले नाही, ते हवेचा दाब उतरवण्याच्या सोयीने थोड्या अवधीत साधले.

याला एक पुरावा देतो. तैवानच्या चेंग शिन कंपनीच्या मॅक्सिस या नाममुद्रेखाली ‘मिनियन डीएचएफ’ नावाचा टायर या शतकाच्या अगदी आरंभीच्या वर्षांत निघाला, तो खास उतरणीच्या शर्यतीचे पुढचे चाक डोळ्यांपुढे ठेवून. त्याचे मधले ठोकळे आणि कडेचे ठोकळे यांत एक मोकळी पन्हळ आहे. आज वीस वर्षे उलटून गेल्यावरही हीच नक्षी चढउताराच्या सामान्य वाटांवर फिरणाऱ्या असंख्य स्वारांच्या पुढच्या चाकावर दिसते. नक्षीत म्हणण्यासारखा बदल झालेला नाही; बदलले ते आतील कापड, म्हणजे टायरचे धड. पूर्वीचे दुपदरी, जड धड जाऊन एकपदरी, बाजूस संरक्षक पट्टा असलेले हलके धड आले, आणि शर्यतीपुरता असलेला टायर सर्वांचा झाला. धड आणि दाब यांचे महत्त्व अद्याप वाढतच आहे: जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीने २०२४ साली धडातील धाग्यांची दिशाच पालटून, अधिक लवणारे रेडियल धाटणीचे डोंगरी टायर आणले, त्यातही भर आहे तो जमिनीस सामावून घेण्यावरच.

रबराची गोष्टही येथे नोंदली पाहिजे. मऊ रबर दगडाच्या सूक्ष्म उंचसखलपणात शिरते आणि सावकाश मूळ आकारास येते. म्हणून त्याची पकड अधिक, झीजही अधिक आणि गतीचा व्ययही अधिक. रबराचा टणकपणा मोजण्याच्या मापात साठच्या आसपासचा अंक सर्वसाधारण, तर चाळिशीच्या आरंभीचा अंक अतिशय मऊ. एकाच टायरात तळाशी टणक, मध्यभागी मध्यम आणि कडांना मऊ रबर घालण्याची कला गेल्या दोन दशकांत चांगलीच परिणत झाली आहे.

चाकाच्या व्यासाचा वाद मी थोडक्यात आटोपतो, कारण तो आता निकालात निघाला आहे. १९९९ साली डब्ल्यूटीबी कंपनीच्या ‘नॅनोरॅप्टर’ या टायरने २९ इंची चाकास खरा डोंगरी टायर मिळवून दिला. मधल्या २७.५ इंची मापाचा पुरस्कार मोठ्या उत्साहाने झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडच्या नीनो शुर्टरने त्यावर रौप्यपदक घेतले, पण सुवर्णपदक २९ इंची चाकावरील यारोस्लाव्ह कुल्हावीने नेले, आणि २०१६ साली रिओत शुर्टर सुवर्णपदकाचा धनी झाला तेव्हा तोही २९ इंचांवर होता. रुंदीचे म्हणाल तर, २००५ साली सर्ली कंपनीच्या ‘पग्सली’ सायकलीने आणलेले ३.७ इंच रुंदीचे टायर बर्फ आणि वाळू यांच्यासाठी अमोल आहेत. नित्याच्या वाटेवर त्यांचा भार सोसण्याचे प्रयोजन नाही.

आपल्या मुलखात नव्वदीच्या दशकात घरोघरी ‘रेंजर’ सायकली आल्या, त्यांचे ठोकळेदार टायर बहुतेक डांबरी रस्त्यावरच झिजले. आता सह्याद्रीत खऱ्या अर्थाने डोंगरवाटांवर सायकल चालवणारे स्त्रीपुरुष आहेत, आणि मिश्र वाट म्हणजे काय याचा याहून कठोर धडा क्वचितच कुठे मिळेल. उन्हाळ्यात घट्ट जमिनीवर पसरलेला सुटा मुरूम, कोकणात व महाबळेश्वरी पठारावर खरखरीत जांभा, पावसाळ्यात शेवाळलेला काळा कातळ आणि घाट उतरून देशावर आले की चाकास बिलगणारी काळी माती, हे सर्व एका वर्षाच्या फेऱ्यात भेटते. मुरुमात कडेचे ठोकळे भक्कम हवेत, कारण वळणात सायकल त्यांवरच तोलली जाते. ओल्या कातळावर ठोकळ्यांचा उपयोग अल्प. तेथे मऊ रबर आणि कमी हवा यांवाचून दुसरा आधार नाही, आणि शेवाळावर तोही नाही. भिजलेल्या काळ्या मातीपुढे प्रत्येक टायर हरतो. तेव्हा तीतून सायकल काढण्याचा हट्ट धरू नये, कारण त्यात वाटही नासते. बाभळीचे आणि बोरीचे काटे सर्वत्र आहेत. म्हणून येथे ट्यूबविना चाक आणि आतले द्रव यांस मी चैन समजत नाही.

निवड करणाऱ्यास माझे सांगणे असे. आधी आपल्या रिमची आतली रुंदी आणि फ्रेममधील जागा मोजावी. ती परवानगी देत असेल तर पुढे २.४ ते २.५ इंचांचा, कडेस भक्कम ठोकळ्यांचा आणि मऊ रबराचा टायर घ्यावा, मागे २.३ ते २.४ इंचांचा, मध्यभागी बुटक्या व उतरत्या ठोकळ्यांचा आणि किंचित टणक रबराचा. धडाच्या बाबतीत कंजुषी करू नये: आठशे ते हजार ग्रॅमचा, बाजूस संरक्षण असलेला टायर आपल्या धारदार दगडांत टिकतो, त्याहून हलका बहुधा फाटतो. दाब मोजण्याचे चांगले यंत्र जवळ बाळगावे, पंचविसापासून आरंभ करून स्वतःच्या वजनाप्रमाणे एकेक पौंड खाली उतरावे, आणि रिमवर दगड आदळू लागला की तेथेच थांबावे. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन-तीन पौंड अधिक ठेवावेत. खर्चाची तोंडमिळवणी होत नसेल आणि एकच टायर बदलणे शक्य असेल, तर तो पुढचा बदलावा.