जनगणना : वाडीवस्तीवरील शेवटच्या माणसाचीही नोंद व्हावी

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पायथ्याशी वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ही लहानशी वाडी डोंगरावर होती आणि तेथवर मोटार जाईल असा रस्ता नव्हता. बचाव पथके भर पावसात वर पोहोचली, तेव्हा ढिगारा उपसण्याबरोबरच एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले : या वाडीत माणसे होती तरी किती? कोण कामासाठी बाहेर होते, कोणाची मुले आश्रमशाळेत होती, त्या रात्री घरात कोण झोपले होते, याचा मेळ घालावा लागला. चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

जनगणना म्हणजे अशा प्रसंगी वापरायची नावांची यादी नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. जनगणनेतील नावे गुप्त राहतात. परंतु कोठे किती माणसे राहतात, हे संकट येण्यापूर्वीच शासनाला ठाऊक असावे, त्यानुसार रस्ता, शाळा, दवाखाना आणि धान्य यांचे नियोजन व्हावे, यासाठीच ही मोजणी असते. म्हणून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात तिची माहिती करून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

भारतात पहिली जनगणना १८७२ मध्ये झाली. देशभर एकाच वेळी गणना करण्याची पद्धत १८८१ पासून सुरू झाली आणि त्यानंतर २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती अखंड चालली. २०२१ ची जनगणना मात्र कोरोनाच्या साथीमुळे पुढे ढकलण्यात आली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ चा प्रारंभक्षण, म्हणजे आदल्या दिवशीची मध्यरात्र, हा बहुतेक देशासाठी संदर्भक्षण ठरविण्यात आला. त्या क्षणापूर्वी जन्मलेले बाळ मोजले जाते आणि त्या क्षणापूर्वी निवर्तलेली व्यक्ती वगळली जाते.

हे काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा घरयादीचा. यात प्रत्येक इमारतीला व घराला क्रमांक दिला जातो, नजरी नकाशा तयार होतो आणि भिंती, छप्पर, पाणी, शौचालय, वीज, स्वयंपाकाचे इंधन यांची नोंद होते. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात प्रत्येक राज्याने त्यासाठी ३० दिवस निवडावेत, असे ठरले. दुसरा टप्पा प्रत्यक्ष लोकसंख्या मोजण्याचा. त्यासाठी फेब्रुवारी २०२७ हा महिना ठेवण्यात आला. या वेळी कागदी तक्त्यांऐवजी मोबाइलवर नोंद करण्याची आणि कुटुंबाने इंटरनेटवरून स्वतःच माहिती भरण्याची सोयही योजण्यात आली. घरोघर जाणारे प्रगणक हे बहुधा आपल्या परिचयाचे प्राथमिक शिक्षक किंवा शासकीय कर्मचारी असतात. त्यांच्यावर पर्यवेक्षक असतो आणि ग्रामीण भागात तालुक्याची जबाबदारी तहसीलदारांकडे असते.

आता आपल्या भागातील खरी अडचण पाहू. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून राहणारी अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर घराला कडी लावून वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्यासाठी जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कातकरी समाजाची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. घरयादीच्या वेळी हे कुटुंब वाडीत असू शकते, परंतु फेब्रुवारीत त्याचे दार बंद असते. भट्टीवरील झोपडी तात्पुरती, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. अशा रीतीने एक संपूर्ण कुटुंब दोन्ही ठिकाणी मोजणीतून निसटू शकते.

नियम मात्र स्पष्ट आहे. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी हा गणनेचा काळ होता. त्या संपूर्ण काळात जी व्यक्ती घरापासून दूर होती, तिची नोंद ती जेथे होती तेथेच व्हायची होती. ज्यांना घरच नाही, त्यांच्यासाठी २८ फेब्रुवारीची रात्र राखून ठेवण्यात आली होती, आणि १ ते ५ मार्च या दिवसांत फेरतपासणी झाली. आश्रमशाळेच्या वा वसतिगृहाच्या मुलांची नोंद त्या संस्थेत झाली. म्हणजेच भट्टीवरील मजुराला "तुमचे गाव दुसरे" असे सांगून टाळता येत नाही.

या नोंदींचे परिणाम दीर्घकाळ टिकतात. ग्रामपंचायतीत अनुसूचित जातीजमातींसाठी किती जागा राखीव राहतील, हे त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार स्वस्त धान्याचे लाभार्थी किती असावेत, याची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरविण्यात आली. २०११ मध्ये रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० होती. त्यानंतर नेरळ, कर्जत, खोपोली या पट्ट्यात कितीतरी नवी वस्ती उभी राहिली, परंतु हिशेब वर्षानुवर्षे जुन्याच आकड्यांवर चालत राहिला.

उत्तरे देताना तीन बाबींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. धर्माच्या रकान्यात आपण जो धर्म सांगाल तोच लिहिला जावा. नावावरून किंवा आडनावावरून प्रगणकाने अंदाज करू नये. दुसरे, अनुसूचित जमातीची व्यक्ती कोणत्याही धर्माची असू शकते. त्यामुळे ख्रिस्ती आदिवासी कुटुंबाने धर्म ख्रिस्ती आणि जमात आपली जी असेल ती, अशा दोन्ही गोष्टी निःसंकोच सांगाव्यात. अनुसूचित जातींचा नियम मात्र वेगळा आहे : ती नोंद हिंदू, शीख व बौद्ध यांच्यापुरती मर्यादित असते. तिसरे, मातृभाषा म्हणजे बालपणी आईने ज्या भाषेत आपल्याशी बोलणे केले ती. घरात कातकरी बोली असेल तर तीच सांगावी. शाळेची भाषा सांगण्याचे कारण नाही.

काहींच्या मनात भीती असते, की सांगितलेली माहिती आपल्याविरुद्ध वापरली जाईल. १९४८ च्या जनगणना अधिनियमाने तिला संरक्षण दिले आहे. प्रगणकाने भरलेली नोंद इतर कोणालाही पाहता येत नाही आणि दिवाणी वा फौजदारी खटल्यात साधारणतः पुरावा म्हणून चालत नाही. उत्तरादाखल कागदपत्र दाखवावे लागत नाही. बँकेचा खातेक्रमांक कोणी विचारला तर तो जनगणनेचा प्रश्न नव्हे, हे ओळखावे. याच कायद्यात आपल्या रीतीभातींचीही जाण ठेवलेली आहे : पतीचे नाव न घेण्याची प्रथा पाळणाऱ्या स्त्रीवर ते सांगण्याची सक्ती नाही. मात्र कायद्याने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून खोटे उत्तर देणे वा उत्तर नाकारणे यासाठी दंडाची तरतूद आहे.

धर्मग्रामातील बंधुभगिनींनी काय करावे? आपल्या घरातील तान्हे बाळ, अंथरुणाला खिळलेले आजीआजोबा आणि कामासाठी ठेवलेली मुलगी यांपैकी कोणी राहून तर जात नाही ना, हे पाहावे. शेजारच्या वाडीतील कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले आहे, याची माहिती प्रगणकाला द्यावी. ज्यांची स्वतःची वीटभट्टी किंवा शेतघर आहे, त्यांनी मजुरांच्या झोपड्यांपर्यंत प्रगणकाला स्वतः घेऊन जावे. मोबाइल हाताळू शकणाऱ्या तरुणांनी वृद्धांना साहाय्य करावे, पण उत्तर त्यांचेच असू द्यावे.

लूककृत शुभवर्तमानात नावनोंदणीसाठी घरापासून दूर बेथलेहेमास गेलेल्या एका कुटुंबाची हकिकत आपण दर नाताळात ऐकतो. त्यांना उतारशाळेत जागा नव्हती. आपल्या परिसरातही फेब्रुवारीच्या थंडीत घरापासून दूर, प्लास्टिकच्या छपराखाली राहणारी कुटुंबे असतात. प्रगणकाला त्यांचे दार दाखविणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चितच आहे.