नकाशा खुला, मग धंदा कसा?
विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करणारी पेटी कुंभार पिंपळगावसारख्या ऊस-मोसंबीच्या पट्ट्यात नवलाची नाही. ती बिघडली की मात्र पंचाईत, कारण आतल्या बोर्डाचा नकाशा कंपनीकडेच असतो. ओपन सोर्स हार्डवेअरमध्ये सर्किटचा नकाशा, सुट्या भागांची यादी आणि प्रोग्राम सगळ्यांना मोकळा असतो. कोणीही बनवावे, बदलावे, विकावेसुद्धा. २००५ साली इटलीत सुरू झालेला आर्डुइनो बोर्ड असाच. त्याच्यासारखे बोर्ड खुशाल बनवून विका, फक्त ‘आर्डुइनो’ हे नाव लावू नका; तो ट्रेडमार्क आहे.

मग पैसा कशात? नीट तपासून दिलेल्या मालात आणि दुरुस्तीत. नकाशा फुकट असला तरी सुट्या भागांत भांडवल आधीच अडकते, आणि पेटीतल्या रिलेचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटून मोटार बंद होईना, की गिऱ्हाईक तुमच्याच दारात. माझ्या मते गावातल्या कारागिराची खरी कमाई इथेच आहे. लांबची कंपनी काही बांधावर येत नाही.

हे शिकायचे असेल तर पुणे जिल्ह्यातले पाबळ गाठा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या विज्ञान आश्रमात अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली.