बेडूक कोणी करायचा?

ऑनलाइन खेळांच्या दुनियेत एकेकाळी माणसाचा बेडूक करायची शिक्षा होती. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला. त्यात चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसती अक्षरं. ‘तुम्ही गुहेत उभे आहात’ असं वाचायचं आणि ‘उत्तरेला जा’ असं टाइप करायचं. पण त्या गुहेत एकाच वेळी अनेक माणसं असायची, आणि माणसं आली की भांडणं आलीच. या घराण्यातल्या पुढच्या खेळांमध्ये चालकांना ‘जादूगार’ म्हणत. कोणी फारच माज केला तर जादूगार त्याचं पात्र बदलून त्याचा बेडूक करून टाकत. काही काळानं बेडूकही उरला नाही, सरळ खातंच पुसायला लागले. शब्द मात्र राहिला, ‘टोडिंग’. आजची पोरं ‘आयडी उडाली’ म्हणून कपाळाला हात लावतात, ती हीच शिक्षा.

शिक्षेबद्दल फारसा वाद कधी नव्हता. वाद होता तो बेडूक करायचा अधिकार कोणाचा, यावर. तो कसा पेटला हे बघायचं तर ‘लॅम्डामू’त डोकवावं लागतं. अमेरिकेत पालो आल्टो इथं झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या एका संगणकावर पावेल कर्टिस या संशोधकानं ते वसवलं होतं. खेळ म्हणावं तर त्यात जिंकण्यासारखं काही नाही, कट्टा म्हणावं तर प्रत्येकानं आपापली खोली शब्दांनी बांधलेली. मधोमध मोठा दिवाणखाना, तिथं जगभरातली माणसं खोटी नावं घेऊन तासन्‌तास बसत. तक्रारी वाढल्या आणि जादूगार पंच म्हणून थकले. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसनं जाहीर करून टाकलं की यापुढं जादूगार फक्त यंत्र चालू ठेवतील, तुमची भांडणं तुम्ही मिटवा.

तीनच महिन्यांनी, मार्च १९९३ मधल्या एका रात्री, ‘मिस्टर बंगल’ नावाचं पात्र त्या दिवाणखान्यात आलं. त्याच्याकडं एक छोटा प्रोग्राम होता. तो चालवला की दुसऱ्याच्या पात्राच्या नावानं हवी ती वाक्यं पडद्यावर उमटत. त्या वाक्यांतून त्यानं दोन-तीन पात्रांवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अत्यंत हिंस्र लैंगिक अत्याचार ‘घडवला’. अंगाला कोणी हात लावला नव्हता, तरी त्यातल्या एका पात्रामागची सिएटलची बाई दुसऱ्या दिवशी हे सगळं लिहिताना रडत होती. पत्रकार जुलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३ मध्ये ‘द व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात या प्रकरणावर लेख लिहिला आणि तो गाजला.

सिएटलच्या त्या बाईनं बंगलचा बेडूक करा अशी मागणी केली, पण करणार कोण? जादूगारांनी हात वर केलेले, आणि नियम असा एकही नव्हता. म्हणून सभा भरली. त्या सभेत निघालेले मुद्दे आजही रोज नव्यानं निघतात. एक गट म्हणाला, हे शब्द आहेत, शब्दांना काय शिक्षा करायची! त्रास होत असेल तर ‘गॅग’ ही आज्ञा द्या, त्या माणसाचं बोलणं तुम्हाला दिसणार नाही. म्हणजे आपलं आजचं ‘म्यूट कर ना, सोपं आहे’. यावर जे उत्तर आलं ते मला तीस वर्षांनंतरही बिनतोड वाटतं. ‘गॅग’ केल्यावर तिला दिसणार नव्हतं, पण दिवाणखान्यातल्या बाकीच्यांना तिची विटंबना दिसतच राहणार होती. कान तिनं झाकायचे, तमाशा चालूच.

निर्णय काही झाला नाही. बंगल स्वतः सभेत येऊन गेला, उडवाउडवीची उत्तरं दिली, लोक कंटाळून पांगले. त्या रात्री ‘जोफीडबॅक’ नावाच्या एका जादूगारानं एकट्यानं बसून विचार केला आणि बंगलचं खातं पुसून टाकलं. न्याय झाला की मनमानी? दोन्ही झालं, असं मला वाटतं. कर्टिस परगावाहून परतल्यावर त्यानं मतदानाची व्यवस्था बसवली. रहिवाशांनी अर्ज करायचा, पुरेशा सह्या जमवायच्या, मग मतदान, आणि त्यात ठरेल ते जादूगारांनी निमूट अमलात आणायचं. दरम्यान बंगल ‘डॉ. जेस्ट’ असं नवं नाव घेऊन परत आला होता.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा घेऊन जे लोक या वादात उतरतात, ते सहसा कायद्याचं बोट धरतात. कायदा त्यांना फार लांब नेत नाही. अलाबामातलं चिकासॉ हे अख्खं गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं. तिथं धार्मिक पत्रकं वाटणाऱ्या एका बाईला अटक झाली, तेव्हा १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाव खासगी मालकीचं असलं तरी रस्ता तो रस्ताच, तिथं बोलण्याचा हक्क शाबूत राहतो. पुढं २००९ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवरून बोलण्यापायी हाकललेल्या एका खेळाडूनं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात नेमका हाच निकाल पुढं केला. माझं गाव हेच, मला इथून कसं काढता? न्यायालयानं दावा फेटाळला. सोनीचं नेटवर्क हे गाव नाही, लोकांनी करमणुकीसाठी घेतलेली एक सेवा आहे, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीनं हे बरोबर असेल. पण ज्याचे सगळे मित्र रात्री नऊनंतर त्याच लॉबीत भेटतात, त्या मुलाला जाऊन हे समजावून सांगा.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०१९, हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोकशाहीवाद्यांची आंदोलनं पेटलेली. ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीच्या ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा चालू होती. हाँगकाँगचा खेळाडू ‘ब्लिट्झचुंग’ सामन्यानंतरच्या थेट मुलाखतीत आंदोलकांसारखा गॅस मास्क आणि गॉगल लावून बसला आणि हाँगकाँगच्या मुक्तीची घोषणा दिली. दोघे तैवानी समालोचक टेबलाखाली डोकं घालून बसले. दोन दिवसांत कंपनीनं त्याला स्पर्धेतून काढलं, बक्षिसाची रक्कम रोखली, वर्षभराची बंदी घातली आणि समालोचकांनाही घरी बसवलं. आधार कोणता? स्पर्धेच्या नियमांतलं एक कलम. लोकांच्या एखाद्या गटाला दुखावणारी किंवा कंपनीची प्रतिमा बिघडवणारी कोणतीही कृती शिक्षेस पात्र, आणि तशी ती आहे की नाही हे ठरवणार सर्वस्वी कंपनी.

त्यानं कोणाला शिवी दिली नव्हती, कोणाच्या खेळात खोडा घातला नव्हता. समोरच्याला छळणं आणि मालकाची पंचाईत करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण कंपनीच्या नियमावलीत दोन्ही एकाच पोत्यात भरलेले असतात. ब्लिझार्डच्या मूळ कंपनीत चीनच्या टेन्सेंटचा सुमारे ५ टक्के हिस्सा होता, त्यामुळं लोकांनी दोन अधिक दोन चार केले. कॅलिफोर्नियातल्या मुख्यालयाच्या आवारात ‘प्रत्येक आवाज महत्त्वाचा’ अशा अर्थाची ब्रीदं कोरलेल्या पाट्या आहेत. काही कर्मचाऱ्यांनी त्या पाट्यांवर कागद चिकटवला. हजार लेखांचं काम त्या एका कागदानं केलं. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या तीन विद्यार्थ्यांनी महाविद्यालयीन सामन्यात हाँगकाँगच्या बाजूचा फलक कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांच्यावर लगेच कारवाई झाली नाही, तेव्हा ‘त्याला शिक्षा आणि आम्हाला का नाही?’ असं विचारून ते स्वतःच स्पर्धेतून बाहेर पडले. नंतर त्यांनाही सहा महिन्यांची बंदी आली.

दोन्ही पक्षांचे अमेरिकी लोकप्रतिनिधी पत्र लिहून जाब विचारू लागले. तोवर कंपनीनं बक्षीस परत केलं होतं, बंदी सहा महिन्यांवर आणली होती आणि आपल्या चीनमधल्या संबंधांचा निर्णयाशी काही संबंध नाही असं सांगितलं होतं. कंपनीच्या नोव्हेंबरच्या मेळाव्यात अध्यक्ष जे. ॲलन ब्रॅक यांनी व्यासपीठावरून माफी मागितली, आम्ही घाईनं ठरवलं आणि बोलायला उशीर केला म्हणून. सहा महिने मात्र कायम राहिले.

आता रोजच्या शिवीगाळीकडं वळू. खेळात चिडवाचिडवी असणारच. कबड्डीच्या मैदानावर काय काय ऐकू येतं ते खेळलेल्यांना विचारा. सातारा जिल्ह्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. ‘बोरीचा बार’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण तिथं येणारी प्रत्येक बाई बारासाठीच येते, मध्ये ओढा असतो आणि बार संपला की संपला. रात्री ‘व्हॅलोरंट’ हा ऑनलाइन खेळ उघडणारी मुलगी बारासाठी येत नाही. आपला आवाज मुलीचा आहे हे कळलं की पुढची वीस मिनिटं काय ऐकावं लागेल हे तिला माहीत असतं, म्हणून ती माइक बंद ठेवून खेळते. नियम नसलेल्या खोलीतही बंदी असतेच, ती फक्त कोणी जाहीर केलेली नसते.

तर मग यंत्राला बसवा राखणीला. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या खेळानं ‘टॉक्समॉड’ ही प्रणाली आणली. चालू सामन्यातला बोलण्याचा आवाज ती तपासते आणि संशयास्पद वाटेल ते पुढं कळवते. शिक्षेचा निर्णय मात्र ती घेत नाही, तो कंपनी घेते. सुरुवात इंग्रजीपासून झाली. इथंच आपल्याकडची खरी मेख आहे. कोल्हापूरकर ज्या शब्दानं जिवलग मित्राला हाक मारतो, तोच शब्द अनोळखी नागपूरकराला ऐकवला तर हातघाईवर येईल. हे दोघं एका स्क्वाडमध्ये आले, तर कोणत्या यंत्रानं काय समजायचं? लेखी चॅटची चाळणी त्याहून बाळबोध. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली होती. आपल्या ‘दीक्षित’ आडनावाचं एक रूढ रोमन स्पेलिंग बघा, शेवटची चार अक्षरं तशीच आहेत. इंग्रजी शब्दांच्या यादीवर चालणारी चाळणी बिचाऱ्या दीक्षितांना अडवते आणि रोमनमध्ये टाइप केलेली अस्सल मराठी शिवी ऐटीत पलीकडं जाऊ देते.

शब्दच काढून घेतले तर? डिस्नीनं तेही करून पाहिलं. नव्वदच्या दशकात मुलांच्या एका ऑनलाइन जगासाठी निवडक निरागस शब्दांची यादी केली, त्यातूनच वाक्यं जोडायची. चाचणीला बसवलेल्या चौदा वर्षांच्या मुलानं काही मिनिटांत जिराफाची लांब मान आणि पांढराशुभ्र ससा घेऊन असं एक वाक्य जुळवलं, की ते या पुरवणीत छापता येणार नाही. पुढं ‘टूनटाउन’मध्ये तयार वाक्यंच दिली. मनमोकळं बोलायचं असेल तर आकड्या-अक्षरांचा गुप्त संकेत आधी खेळाबाहेर एकमेकांना सांगावा लागे. मुलांनी खेळातल्या घरातलं सामान मांडून तो संकेत लिहायला सुरुवात केली. मला तर या पोरांचं कौतुकच वाटतं.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणा वाटलेला प्रयोग अगदी साधा होता. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळात विरोधी संघाशी चॅट आपोआप चालू असायचं. रायट गेम्स कंपनीनं ते आपोआप बंद ठेवलं. ज्याला हवं त्यानं एक बटण दाबून चालू करावं. कोणाचाही शब्द काढून घेतला नाही. कंपनीनं दिलेल्या आकड्यांनुसार वाईट बोलणं जवळपास एक तृतीयांशानं घटलं, चांगलं बोलणं तितकंच वाढलं आणि एकूण गप्पा होत्या तेवढ्याच राहिल्या. याच कंपनीनं २०११ मध्ये खेळाडूंचंच एक न्यायमंडळ सुरू केलं होतं. आरोपीचं चॅट वाचून ‘शिक्षा’ की ‘माफी’ यावर खेळाडूंनी मत द्यायचं. ते संथ चालायचं, तीन वर्षांनी बंदही पडलं. पण शिक्षेसोबत त्या माणसाचं स्वतःचंच चॅट त्याच्यासमोर ठेवलं, तर बरेच जण पुन्हा तसं वागत नाहीत, हे त्यातून कंपनीच्या ध्यानात आलं. ‘नियम मोडल्यामुळं आपलं खातं बंद करण्यात आलं आहे’ एवढ्या एका ओळीनं कोणी सुधारत नाही, नुसतं दुसरं खातं उघडतो.

भारतात २०२१ च्या नियमांनुसार वापरकर्त्यांचा मजकूर वाहून नेणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच आणि ठरावीक मुदतीत निकाल द्यावा लागतो; त्यावर अपील ऐकायला २०२३ पासून केंद्रीय समित्याही आहेत. रात्री दीड वाजता आयडी उडालेल्या किती मुलांच्या कानावर हे गेलं असेल?

लॅम्डामूची गोष्ट अर्धी राहिली. तिथल्या मतदानाची पुढं दमछाक झाली. अर्जांवर अर्ज आले, लवादांवर लवाद बसले, आणि भांडणं मिटवण्याच्या व्यवस्थेवरच सगळ्यांत कडाक्याची भांडणं होऊ लागली. १९९६ मध्ये जादूगारांनी नवी सूचना लावली. यंत्र सांभाळणं वेगळं आणि माणसं सांभाळणं वेगळं असं आम्ही म्हणालो होतो, ते शक्य नव्हतं; यंत्राबद्दलचा प्रत्येक निर्णय शेवटी माणसांवर जाऊन आदळतो. सबब गरज पडेल तेव्हा आम्ही पुन्हा सामाजिक निर्णय घेऊ, आणि ते सगळ्यांना आवडतीलच असं नाही. सूचना सगळ्यांना वाचता येईल अशी लावली होती.