बिशपची शमादाने आणि आपली मुले

मराठीच्या वर्गात आम्ही एकदा मुलांना एका बिशपची गोष्ट सांगितली. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाची आजी त्याला सोडायला आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "गुरुजी, रागावू नका. पण मराठीच्या तासाला पाद्र्याची गोष्ट कशाला? आपल्याकडे काय संतांची कमी आहे?"

आजींचा प्रश्न रास्त होता. परक्यांचे अंमल आपल्या लोकांनी पाहिले. रत्नागिरीकडून या बेटावर आलेल्या आपल्या पूर्वजांनी देव्हारा, भजन आणि गणपती सोडला नाही म्हणून आज आपण मराठी म्हणवून घेतो. तेव्हा परक्या धर्माचे काही घरात आले की वडीलधाऱ्यांना काळजी वाटते. त्या दिवशी दारात आम्हांला पुरते उत्तर देता आले नाही. ते आज या पानावर देत आहोत.

ती गोष्ट व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीतली. ही कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. साने गुरुजींनी तीच कथा 'दुःखी' या नावाने मराठीत आणली, म्हणजे मराठी घराला ती अगदीच परकी नाही. आपल्या बेटावर तर फ्रेंच शिकलेल्या पुष्कळांना ज्याँ वाल्ज्याँ हे नाव तोंडपाठ असते. पण नाव माहीत असणे निराळे आणि गोष्ट मनात उतरणे निराळे.

बिशपने काय केले?

बहिणीच्या सात भुकेल्या मुलांसाठी वाल्ज्याँने एक पाव चोरला. त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. पळून जाण्याचे प्रयत्न केले म्हणून शिक्षा वाढत गेली आणि एकोणीस वर्षांनी, १८१५ साली, तो तुलाँच्या तुरुंगातून बाहेर पडला. हातात पिवळा परवाना, त्यावर कैदी असल्याची नोंद. दिन्य नावाच्या गावात पैसे असूनही खानावळवाल्यांनी त्याला हाकलले. शेवटी एका बाईने एक दार दाखवले. ते बिशप मिरिएल यांचे होते आणि त्या दाराला कुलूप नसे.

हे बिशप कसे होते हे सांगायला ह्यूगो यांनी कितीतरी पाने दिली आहेत. त्यांना राहायला वाडा मिळाला होता. शेजारच्या लहान इमारतीत रुग्णालय दाटीवाटीने चालले होते. बिशपांनी वाडा रोग्यांना दिला आणि स्वतः त्या लहान इमारतीत राहायला गेले. वर्षाच्या पंधरा हजार फ्रँक पगारातले एक हजार स्वतःसाठी ठेवून बाकीचे ते दान करत. घरात किमती म्हणावे असे चांदीचे काटे-चमचे आणि मेणबत्ती लावायची चांदीची दोन शमादाने, एवढेच उरले होते.

वाल्ज्याँ त्या घरी जेवला, स्वच्छ बिछान्यावर झोपला आणि रात्री काटे-चमचे घेऊन पळाला. सकाळी शिपायांनी त्याला धरून आणले. बिशपांनी पुढे होऊन सांगितले की ती चांदी आपणच याला दिली आहे, आणि शमादानेही दिली होती, ती हा न्यायला विसरला. शमादाने त्याच्या हातात ठेवली. शिपाई गेल्यावर हळू आवाजात सांगितले, की आता तू वाइटाचा राहिला नाहीस. तुझा आत्मा मी विकत घेतला आणि देवाला दिला.

आपल्या कानाला ही गोष्ट ओळखीची वाटते. पैठणला गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या एकनाथ महाराजांवर एक माणूस पुनःपुन्हा थुंकला आणि महाराज न रागावता पुनःपुन्हा स्नानाला गेले, शेवटी तो माणूस पायांवर पडला, ही कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ती आपणहून सांगितली. दुसऱ्याच्या अंगणातले फूल पाहून आपल्या तुळशीकडे पुन्हा लक्ष जावे, तसे झाले.

क्षमा आधी, पश्चात्ताप नंतर

परंतु दोन्ही गोष्टी सारख्याच, असे म्हणून पुढे गेलो तर ह्यूगो काय सांगतात ते हातून निसटेल. घरी आपण मुलांना म्हणतो, "आधी चूक कबूल कर, मग माफ करू." बिशपांनी उलटे केले. वाल्ज्याँने क्षमा मागितली नव्हती. त्याला पश्चात्तापही झाला नव्हता. क्षमा आधी आली. न मागता, न कमावता मिळणारी ही देणगी ख्रिस्ती धर्माच्या शिकवणीत अगदी मध्यभागी आहे. लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या मुलाचा दाखला आहे. त्यातला बाप मुलाचे माफीचे शब्द पुरे होण्याआधीच त्याला दुरून पाहून धावत जातो.

आणि ह्यूगो एवढ्यावर थांबले नाहीत. त्याच दिवशी वाल्ज्याँने रस्त्यात भेटलेल्या एका लहान मुलाच्या नाण्यावर पाय ठेवला आणि त्याला हाकलून दिले. बिशपांची शमादाने झोळीत असताना त्याने पुन्हा चोरी केली! मग भानावर आला, मुलाला हाका मारत रानोमाळ धावला, आणि एकोणीस वर्षांत प्रथम रडला. क्षमा मिळाली की माणूस लगेच सुधारतो, असे ही कादंबरी म्हणत नाही. आधी माणसाला स्वतःची लाज वाटते, आणि बदल तेथून सुरू होतो.

बिशपांच्या समोर ह्यूगो यांनी झावेर हा पोलीस अधिकारी उभा केला आहे. झावेर वाईट माणूस नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते. तो लाच घेत नाही, खोटे बोलत नाही, स्वतःची चूक झाली असे वाटताच स्वतःलाच शिक्षा मागतो. फक्त कायद्यापलीकडे काही आहे हे त्याला ठाऊक नाही. ज्याचा त्याने जन्मभर पाठलाग केला तोच वाल्ज्याँ त्याचे प्राण वाचवतो. ती दया झावेरला पेलत नाही आणि तो सेन नदीत उडी घेतो.

झावेरविषयी बोलताना आमचा आवाज जरा उतरतो. त्याचे कारण सांगितले पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत गणेश चतुर्थीच्या वर्गणीच्या डब्यातून दोनशे रुपये गेले. एका मुलाने ते घेतले होते. त्यात शंका नव्हती. आम्ही त्याला साऱ्या वर्गासमोर उभे केले, वडिलांना बोलावले. वडिलांनी तेथेच त्याला मारले. पैसे परत आले. मुलगा पुन्हा मराठीच्या वर्गाला आला नाही. त्याने ते पैसे कशासाठी घेतले होते, हे आम्ही विचारलेच नाही. शिक्षक प्रशिक्षणात आम्हांला फळ्यावर लिहिणे, पाठ टाचण काढणे, प्रश्न विचारणे सारे शिकवले होते. हा एक प्रश्न मात्र सुचला नाही.

आपल्याच बेटावरची दुसरी गोष्ट

क्षमेची आणखी एक गोष्ट आपल्या बेटावरच घडते. बर्नार्दँ द सँ-पिएर १७६८ ते १७७० या काळात येथे राहिले आणि पुढे १७८८ साली त्यांची 'पोल ए व्हिर्जिनी' प्रसिद्ध झाली. सहलीला जाताना आपण पँपलमूसचे चर्च पाहतो. ही गोष्ट त्याच परिसरातली. १७४४ साली इल दांब्रजवळ फुटलेल्या सँ-जेराँ जहाजाची खरी घटना कादंबरीच्या शेवटी आली आहे. प्रेमकथा म्हणून ही कादंबरी सर्वांना ठाऊक आहे. आम्ही मुलांना मात्र तिच्यातला एक वेगळा प्रसंग वाचून दाखवतो.

एका रविवारी सकाळी आया चर्चला गेल्या असताना एक पळालेली गुलाम बाई व्हिर्जिनीच्या दाराशी येते. अंगावर चाबकाचे वळ, पोटात अन्न नाही. व्हिर्जिनी घरची न्याहारी तिला देते. मग पोल आणि ती, दोघे लहान जीव, त्या बाईला घेऊन रिव्हिएर न्वारला तिच्या मालकाकडे चालत जातात आणि तिच्यासाठी क्षमा मागतात. मालक क्षमा करतो, पण देवासाठी नव्हे, व्हिर्जिनीकडे पाहून. मुले आनंदाने परत फिरतात, त्र्वा मामेलच्या रानात वाट चुकतात. त्यांना शोधत आलेला नोकर मग सांगतो, की त्या बाईच्या पायात साखळी आणि गळ्यात लोखंडी पट्टा घातलेला आपण पाहिला.

वर्गात हे वाचले की शांतता पसरते. आम्ही विचारतो, व्हिर्जिनी चुकली का? तिचे मन निर्मळ होते. परंतु बिशपांनी क्षमा केली तेव्हा तिची किंमत स्वतःच्या चांदीने भरली. येथे क्षमा दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवली होती, आणि किंमत त्या बाईला भरावी लागली. शिवाय क्षमा मागायला हवी होती ती कोणी? पळालेल्या बाईने, की तिला चाबकाने मारणाऱ्याने? एका मुलाने याहून पुढचे विचारले, "गुरुजी, व्हिर्जिनीच्या घरी पण गुलाम होते ना?" होते. दोमँग आणि मारी. पुस्तकात ते सुखी दाखवले आहेत. लेखकाला जेथे दिसले नाही तेथे मुलाला दिसले, याचा आम्हांला फार आनंद झाला.

ही गोष्ट आपल्यापासून दूर नाही. १८३५ साली येथे गुलामगिरी संपली. तिच्या आधीच, १८३४ पासून, करारावर मजूर येऊ लागले होते. त्याच मळ्यांवर, त्याच मालकांच्या हाताखाली आपले पूर्वज राबले. १८६७ च्या कायद्यानंतर तर करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे आणि तो नसला तर अटक होई. वाल्ज्याँचा पिवळा परवाना वाचताना आम्हांला त्या परवान्याची आठवण होते.

धर्म जाईल काय?

आता आजींच्या मनातली खरी भीती. असली पुस्तके वाचून मूल ख्रिस्ती होईल काय?

मराठीपुरते बोलायचे तर हा प्रश्न जुना आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती 'यमुनापर्यटन' १८५७ ची, आणि तिचे लेखक बाबा पदमनजी हे १८५४ साली ख्रिस्ती झालेले गृहस्थ. विधवांचे हाल दाखवण्यासाठी त्यांनी ती लिहिली. नायिका यमुना स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. लेखकाचा हेतू उघड आहे, तो मुलांपासून लपवू नये. पण केशवपन आणि छळ यांचे त्याने केलेले वर्णन खोटे नव्हते, हेही लपवू नये. बोलणारा परक्या धर्माचा आहे म्हणून खरी गोष्ट खोटी होत नाही.

ह्यूगो यांचे तर उलटेच झाले. त्यांनी इतका देवमाणूस बिशप रंगवला, पण रोमच्या चर्चने १८६४ साली ही कादंबरी निषिद्ध पुस्तकांच्या यादीत घातली. ह्यूगो देव मानत, पण आपल्या अंत्यविधीला चर्चची प्रार्थना नको, असे त्यांनी लिहून ठेवले होते. म्हणजे ही पुस्तके कोणा एका पंथाची पत्रके नव्हेत.

शिवाय आपण या बेटावर राहतो. पेर लावाल १८४१ साली येथे आले, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची क्रेओल भाषा शिकले, त्यांच्यातच राहिले आणि ९ सप्टेंबर १८६४ रोजी वारले. दर सप्टेंबरला साँत-क्र्वा येथील त्यांच्या समाधीकडे लोक पायी जातात. त्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, आपल्या मराठी आयाबहिणीही असतात. दुखणाईत मुलासाठी तेथे मेणबत्ती लावून आलेली बाई घरी येऊन देवापुढे समई लावते. तिचा धर्म गेला असे कोणी म्हणत नाही. मग तिच्या नातवाने बिशपची गोष्ट वाचली तर कसा जाईल?

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलाच्या हातात असे पुस्तक दिसले तर घाबरून काढून घेऊ नका. रात्री जेवताना त्याला गोष्ट सांगायला लावा. मग विचारा: यात क्षमा कोणी केली? तिची किंमत कोणी भरली? आणि आपल्याकडे अशी गोष्ट कोणती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मात्र आपल्यालाही एकनाथ, तुकाराम ठाऊक असावे लागतील. मुलगा बायबलातला दाखला सांगेल आणि आपल्याला भागवतातली एकही कथा आठवणार नाही, तर तो दोष बिशपचा नाही.

कादंबरीच्या अखेरीस वाल्ज्याँ मरणाच्या दारी असतो तेव्हा त्याच्या खोलीत तीच दोन शमादाने पेटलेली असतात. सारी चांदी गेली, ती त्याने जन्मभर जपली.

आमच्या डब्यातले दोनशे रुपये घेणारा तो मुलगा आता तिशीचा आहे. मागच्या पावसाळ्यात व्हाकोआच्या बसमध्ये भेटला. आम्हांला पाहताच उठला, "बसा गुरुजी" म्हणाला आणि जागा दिली. शेजारी त्याची लहान मुलगी होती. आम्ही बसलो, मुलीचे नाव विचारले, पावसाविषयी बोललो. बोलायचे होते ते ओठांवर आले नाही आणि त्याचा थांबा आला.

तो कोठे राहतो हे आता आम्हांला कळले आहे. यंदाच्या चतुर्थीला मोदकांचा डबा घेऊन आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत. क्षमा मागायची आहे, आणि मुलीला मराठीच्या वर्गाला पाठव, असे सांगायचे आहे. तो पाठवील की नाही, हे त्याने ठरवायचे.