दोन्ही पाय एकदम गळाले तर

रावेर-यावलकडे केळीची गाडी भरताना कुणाची कंबर धरली, की ‘नस दबली’ म्हणून चोळणारा शोधला जातो. साध्या कंबरदुखीत ते निभावूनही जातं. पण तासा-दोन तासांत दोन्ही पाय लुळे पडले, लघवी अडली, तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो.

‘लकवा मेंदूचाच असतो’ हा पहिला गैरसमज. झटका मज्जारज्जूलाही येतो. मेंदूच्या झटक्यात बहुधा एक बाजू जाते, तोंड वाकडं होतं; इथे चेहरा नि बोलणं शाबूत राहतं. आजार दुर्मीळ, म्हणून पटकन लक्षात येत नाही.

‘प्रत्येक मणक्यातून रक्त येतं, एक वाट बुजली तर काय बिघडतं?’ असं शिकलेली माणसंही विचारतात. मज्जारज्जूच्या लांबीभर मुख्य धमन्या तीनच: पुढे एक, मागे दोन. पुढची एकटी सुमारे दोन-तृतीयांश भाग पोसते. नसांच्या ३१ जोड्या असल्या, तरी त्यांच्यासोबत शिरून पुढच्या धमनीला खरोखर रक्त पोचवणाऱ्या शाखा मोजक्याच. त्यांतली सर्वांत मोठी ॲडमकीविच धमनी, पोलिश डॉक्टर अल्बर्ट ॲडमकीविच यांच्या नावाची. बहुतेकांत ती डावीकडून, छातीच्या ९व्या ते १२व्या मणक्यादरम्यान आत येते. कमरेकडच्या भागाची भिस्त तिच्यावर. छातीच्या मध्यावर मात्र पुरवठा विरळ, गिरणेच्या पाटाच्या टोकावरच्या (टेलच्या) शेतासारखा. महाधमनीची शस्त्रक्रिया किंवा रक्तदाब फार कोसळणं म्हणूनच धोक्याचं.

‘स्पर्श कळतोय, म्हणजे पायात जीव आहे’ हा समज सगळ्यांत घातक. पुढची धमनी बंद पडली, की रुग्ण डोळे मिटूनही अंगठा वर आहे की खाली ते अचूक सांगतो, पण तोच अंगठा हलवू शकत नाही. टाचणी टोचल्याचं दुखत नाही, गरम-गार कळत नाही. मागच्या धमन्या चालू असल्याने स्पर्श आणि अंगठ्याची जागा तेवढी कळत राहते. त्यात पहिल्या काही तासांतला एमआरआय नॉर्मल येऊ शकतो. त्यावरून ‘नाटक करतोय’ म्हणणं हा अन्याय आहे.

सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ती सुई मज्जारज्जूला लागून पाय जातील, ही भीतीही उगाच. प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई त्याखाली देतात.

पाय गळण्याचं कारण मणक्यातली गादी सरकली, मणक्याचा टीबी आहे की रक्तपुरवठा तुटला, हे तपासणीतच ठरतं. तेव्हा पाय गळाले तर चोळत बसू नका. १०८ ला फोन करा, धुळ्याचं किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना आधी सांगा.